भगवान इकडं कधी आले नाहीत

आईचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी बाबांनी वर्षावासाचं वाचन गौलीगुड्यातून घरी आणलं.

आम्ही बौद्ध. मूळचे नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठच्या एका खेड्यातले. पण माझा जन्म हैदराबादचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे वर्षावास. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहायचे, त्यावरून आलेली ही रीत. आमच्याकडे या तीन महिन्यांत भगवान बुद्धांच्या गोष्टींचा ग्रंथ वाचतात. गौलीगुड्यात एका भांड्यांच्या दुकानावर आमच्या लोकांनी भाड्यानं घेतलेली एक खोली होती, तिलाच आम्ही विहार म्हणायचो. रेल्वेत, दवाखान्यांत, महापालिकेत नोकऱ्या करणारी मराठवाड्याकडची पंधरा-वीस कुटुंबं रविवारी तिथं जमायची आणि बाबा वाचायचे.

बाबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघ न् रेघ उतरवून काढायची, हे त्यांचं तीस-बत्तीस वर्षांचं काम. वाचायचेही तसेच. एक अक्षर सुटू द्यायचे नाहीत, पदरचं एक घालायचे नाहीत. आई समोर पहिल्या रांगेत बसायची. तिला वाचता येत नव्हतं. ती एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आया होती. वॉर्डातल्या पेशंटांना पुसणं, त्यांच्या चादरी बदलणं, भांडी देणं-घेणं यात तिचं आयुष्य गेलं. पण ग्रंथातली कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीनंतर येते हे तिला बाबांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

किडन्या गेल्यावर सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस तिचे विद्यानगरच्या सेंटरमध्ये जायचे. चार-चार तास मशीनवर. परत आली की ती दोन दिवसांची शिळी भाकरी झालेली असायची. गौलीगुड्याचा तो लोखंडी जिना चढणं तिला शक्य नव्हतं. मग नल्लकुंट्यातल्या आमच्या घरीच संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाबा ग्रंथ काढायचे, आणि ऐकायला आई एकटी. मी टेलिफोन खात्यातनं सुटून आले की कधी बसायची, कधी नाही. माझं सासर आणि माहेर एकाच गल्लीत आहे, त्यामुळे दोन्हीकडे माझी ये-जा असते.

त्या दिवशी मी होते. बाबा आईची आवडती गोष्ट वाचत होते. एका भिक्खूला हगवण लागलेली, आणि तो आपल्याच घाणीत पडलेला. त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, कारण तोही कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवान तिथं येतात, शिष्याला पाणी आणायला सांगतात, आणि दोघं मिळून त्याला धुऊन, उचलून, नीट बिछान्यावर निजवतात. ही गोष्ट आली की आई दर वर्षी मान हलवायची. एकानं डोक्याकडून धरायचं, एकानं पायाकडून, हे बरोबर लिहिलंय म्हणायची.

बाबांनी ग्रंथ मिटला तशी ती म्हणाली, “ही कुठली गोष्ट म्हणलात?”

“श्रावस्तीची असावी.”

“अन् कालची?”

“काल राजगृहाची होती.”

“त्येच्या मागची?”

“वैशाली.” बाबांना गंमत वाटायला लागली होती. “का गं?”

“आपल्याकडची कवा यील?”

बाबा हसले. “आपल्याकडची नाही. भगवान इकडं कधी आले नाहीत.”

“कामून?”

“आले नाहीत. ते सगळं तिकडंच, गंगेच्या अंगाला झालं.”

आईच्या डाव्या हातावर सुया टोचायची जागा फुगून दोरखंडासारखी झाली होती, तिच्यावरून ती उजवा हात फिरवत होती. मग तिनं विचारलं, “आपल्याकडं कुणी आजारी नव्हतं का तवा?”

ती चिडून बोलली नव्हती. पेशंट कुठल्या वॉर्डाचा आहे ते विचारावं, तसं तिनं विचारलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

“अगं, ते पायी फिरायचे. पंचेचाळीस वर्षं चालले, त्यातही दर वर्षी पावसाळ्यात थांबायचे. माणसाच्या पायांनी जेवढं होईल तेवढंच होणार.”

“माझा बाप पायीच आल्ता की गावाकडनं हैदराबादला. मला खांद्यावर घेऊन. पंधरा दिवसांत.” ती म्हणाली, “पंचेचाळीस वर्षं चाललेला माणूस कुठवर जाईल, तुमीच सांगा.”

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ग्रंथ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर जेवणाच्या टेबलावर त्यांनी जुना नकाशा पसरलेला, त्यावर ट्रेसिंगचा कागद, चारी कोपऱ्यांना चार वाट्या. ग्रंथ उघडा. जिथं जिथं गावाचं नाव येईल तिथं ते कागदावर बारीक ठिपका देत होते आणि वळणदार अक्षरात नाव लिहीत होते. चार-पाच दिवस हे चाललं. आई सेंटरला गेली की ते टेबलाशी बसायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. सगळे ठिपके कागदाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी दाटले होते. त्यांनी त्यावर आपला पंजा ठेवला, आणि सगळी गावं झाकली गेली.

“आपण कुठं आहोत?” मी विचारलं.

त्यांनी बोटानं टेबलाची कड दाखवली. “कागदाच्या बाहेर.”

मग ते बराच वेळ आपल्या नोकरीबद्दल बोलले, जे ते एरवी बोलत नसत. धरण झालं की त्याचं पाणी कुठवर पोचेल ती हद्द नकाशावर आखावी लागते. आतल्या जमिनीला लाभक्षेत्र म्हणतात. ती रेघ साहेब शिसपेन्सिलीनं ओढायचे, बाबा शाईनं पक्की करायचे. “कधीकधी एकाच माणसाच्या दोन शेतांमधनं रेघ जायची,” ते म्हणाले. “लोक ऑफिसात यायचे. विचारायचे, इकडून का नाही नेली? आम्ही सांगायचो, उतार तसा आहे. एकदा एक म्हातारा मला म्हणाला, उतार तर आमच्या बाजूलाच आहे साहेब, चला दाखवतो. मी गेलो नाही. माझं काम रेघ गिरवायचं होतं.”

त्यांनी कागदाची गुंडाळी केली. आईला तो दाखवला नाही.

पुढच्या रविवारी ते एकटेच विहारात गेले आणि तिथल्या एका निवृत्त प्राध्यापकांना त्यांनी हा प्रश्न घातला. हे गृहस्थ इतिहास शिकवायचे, पाली वाचायचे. आमच्यात त्यांच्या शब्दाला मान होता. ते म्हणाले की हे आपल्याच ग्रंथाचं नाही, सगळ्यांचंच असं आहे. कुणाचे सगळे प्रेषित एकाच वाळवंटात जन्मले, कुणाचे सगळे देव एकाच नदीच्या काठी. धर्मग्रंथ कुठंतरी, कुणाच्या तरी तोंडून निघतो, आणि सांगणाऱ्याच्या पायाखाली जी धूळ असते तीच त्यात येते. ज्याच्या अंगणात झाड, पानं त्याच्याच अंगणात पडणार. वाऱ्यानं जी दूर जातात, तेवढीच आपली.

बाबांनी हे घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते पटलं होतं. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिला दिवसाला मोजून पाणी प्यायची परवानगी होती, म्हणून ती बर्फाचा एक खडा तोंडात ठेवून ऐकत होती.

“म्हंजी सगळीकडं असंच हाय,” ती म्हणाली. “काही लोकांच्या दारी भगवान यिते. बाकीच्यांनी ऐकायचं.”

“ऐकणंही काही कमी नाही.”

“कमी कुठं म्हणलं म्या. चाळीस वर्षं ऐकलं की.”

हे बाबांना लागलं असावं. कारण त्यानंतर ते त्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन बसायला लागले. पुस्तकं आणायचे, परत करायचे. आईला सेंटरला सोडून, रिक्षानं तिकडे जाऊन, चार तासांनी तिला न्यायला परत. शेजारच्या जैनांचं पर्युषण संपलं, गणपती बसले आणि उठले, आमच्या गल्लीतले मांडव निघाले, आणि एका शुक्रवारी बाबा वेळेआधीच सेंटरमध्ये आले. मी त्या दिवशी रजा काढून आईजवळ होते. मशीनचा अजून एक तास बाकी होता. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा मी लहानपणी पगाराच्या दिवशी पाहिलेला तसा.

“सापडलं,” ते म्हणाले. स्टूल ओढून आईच्या उशाशी बसले. “आपली गोदावरी आहे. एका जागी आहे. नावानिशी.”

आईनं डोळे उघडले. “काय म्हणता?”

मग त्यांनी ती जुनी कथा सांगितली. गोदावरीच्या काठी एक विद्वान म्हातारा राहत होता. आश्रम करून, शिष्य घेऊन. त्याला कुणीतरी वाईट शाप दिला आणि तो भीतीनं खंगायला लागला. कुणीतरी त्याला सांगितलं की उत्तरेला बुद्ध झालेत, तुझ्या शंकेचं उत्तर त्यांच्याकडे आहे. त्यानं आपले सोळा शिष्य पाठवले. ते पैठणावरून, उज्जैनीवरून, मजल दरमजल करत राजगृहापर्यंत गेले, आणि त्यांना भगवान भेटले. सोळांनी सोळा प्रश्न विचारले. भगवानांनी सगळ्यांची उत्तरं दिली.

बाजूच्या पलंगावरची तेलुगू बाईसुद्धा बाबांकडे बघत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण गोष्ट चाललीय एवढं कळत होतं.

“अन् त्यो म्हातारा?” आईनं विचारलं.

“तो म्हातारा गुरू होता. त्यानंच पाठवलं ना.”

“त्यो नाई गेला?”

“नाही. त्याचं वय झालं होतं. फार लांबचा पल्ला होता.”

“मंग त्येला कोण भेटलं?”

बाबा म्हणाले, “शिष्यांतला एक जण परत आला. त्यानं भगवान कसे दिसतात, काय बोलतात, सगळं त्याला सांगितलं.”

आईनं मान मशीनकडे वळवली. नळीतून तिचं रक्त फिरत होतं. “म्हंजी आपल्या बाजूचा एकच माणूस हाय ग्रंथात,” ती म्हणाली, “अन् त्योबी पोचला नाई. त्येनंबी ऐकलंच.”

मला बाबांकडे बघवेना. तीन आठवडे खेटे घालून त्यांनी जे तिच्यासाठी आणलं होतं, ते तिनं हातात घेऊन बघितलं आणि हळूच खाली ठेवलं. तिचा इरादा दुखवायचा नव्हता. थोड्या वेळानं तिला ते समजलं, म्हणून ती म्हणाली, “चांगली हाय गोष्ट. गोदावरीचं नाव आलं ते चांगलं झालं.” पण त्या वेळेपर्यंत उशीर झाला होता.

पुढे प्राध्यापकांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं की तो भाग मागून जोडला असावा असं काहींचं मत आहे, आणि त्या म्हाताऱ्याची जागाही आपल्या गावाकडे नव्हे, नदीच्या धारेला बरीच खाली असावी. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि आईला सांगितलं नाही.

हिवाळ्यात विहारातली दहा-अकरा माणसं राजगीर आणि बोधगयेला निघाली. दर वर्षी कुणी ना कुणी जायचं. आमचं मात्र दर वर्षी राहायचं. आधी माझं लग्न, मग बाबांची निवृत्ती, मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. आता तर तिला दोन दिवसांच्या पलीकडे कुठं जाणंच शक्य नव्हतं. बाबा नको म्हणत होते. आईच हटून बसली.

“तुमी दोघं जावा. मला जावई नेईल सेंटरला.” आणि मग बाबांना म्हणाली, “तिथल्या माणसांना विचारा. म्हणावं, भगवान तुमच्याकडं आले, राहिले, तुमचं काय बरं झालं.”

“असं कुणाला विचारतात का?”

“मी विचारलं असतं.”

सिकंदराबादहून गाडीत बसलो. वाटेत बाबा खिडकीजवळ बसून स्टेशनांची नावं वाचत होते. पाटण्याच्या पुढं गेल्यावर नकाशावर त्यांनी स्वतः लिहिलेली नावं रस्त्याच्या पाट्यांवर दिसायला लागली, तेव्हा ते ताठ बसले. मला वाटलं, आलोय ते बरं झालं.

राजगीरच्या त्या टेकडीवर भगवान राहायचे असं सांगतात. वर जायला फरसबंदी वाट आहे. सकाळची वेळ, धुकं, दोन्ही बाजूंना भिकारी रांगेनं बसलेले. कुणाला बोटं नव्हती, कुणाचे डोळे गेलेले. आमच्यातल्या एका बाईनं बिस्किटांचे पुडे वाटायला सुरुवात केली आणि गर्दी अंगावर आली, तेव्हा ती घाबरून मागं सरली. बाबा दर वीस पावलांनी थांबत वर चढले. वर मोठमोठ्या शिळा एकमेकींवर रेललेल्या. मी पाहिलं आणि मला मौलाअलीची टेकडी आठवली. हैदराबादेत घरामागं, रस्त्याच्या कडेला, जिकडं बघावं तिकडं असले दगड आहेत. आपण दोन दिवस गाडीत बसून तेच बघायला आलो असं मनात आलं, आणि तसं मनात आल्याची मला लाज वाटली.

बाबांनी पिशवीतून ग्रंथ काढला. आजाऱ्याची ती गोष्ट तिथं बसून वाचायची असं त्यांनी ठरवलं होतं. मी फोनवर आवाज भरून घेणार होते, आईला ऐकवायला. पण वरचा चौथरा कुठल्यातरी परदेशातून आलेल्या मोठ्या जथ्यानं भरला होता. ते पांढऱ्या कपड्यांत होते आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणत होते. आम्ही अर्धा तास उभे राहिलो. एक संपला की दुसरा जथा येत होता. पहारेकरी आम्हाला म्हणाला, दर्शन हो गया तो नीचे चलिए. बाबांनी ग्रंथ पुन्हा पिशवीत ठेवला.

खाली एका टपरीवर चहा घेतला. चहावाला बाबांच्याच वयाचा असेल. कानाला मफलर, पायात रबरी चपला. बाबा त्याच्याशी आपल्या दख्खनी हिंदीत बोलत होते. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलंच.

“हमारे घरवाली ने पूछने को बोला है. भगवान आपके यहाँ आए, रहे. आप लोगों का क्या भला हुआ?”

चहावाला हसला नाही. त्यानं किटली बाजूला ठेवली. “हमारा क्या होगा बाबूजी. दो लड़के हैं, दोनों बाहर हैं. यहाँ रह के क्या करेंगे?”

“बाहर किधर?”

“हैदराबाद.”

आम्ही हैदराबादचे आहोत हे तोपर्यंत आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं, तसा तो टपरीतून बाहेर येऊन आमच्याजवळ बसला. मुलं मियापूरकडे कुठंतरी मोठ्या इमारतींच्या सेंटरिंगच्या कामावर होती. दोन वर्षांत घरी आली नव्हती. धाकट्याच्या पायावर काहीतरी पडलं होतं म्हणे, पण फोनवर ठीक आहे म्हणतो. त्याच्या बायकोला, म्हणजे त्या मुलांच्या आईला, धड दिसत नव्हतं. तो बाबांना विचारत होता, हैदराबाद कसं आहे, राहायला जागा देतात का, लोक चांगले आहेत का. वॉर्डात ठेवलेल्या आपल्या माणसाबद्दल नातेवाईक आईला विचारायचे, तसा त्याचा आवाज होता.

“कैसा है उधर? ठीक है ना?” त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

“ठीक है,” बाबा म्हणाले.

त्यानं आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

परत आलो तेव्हा आई आणखी बारीक झालेली दिसली. आम्ही नसताना एकदा मशीनवरच तिचं बीपी एकदम खाली गेलं होतं. माझ्या नवऱ्यानं फोनवर ते लपवलं. तिला टेकडीचे फोटो दाखवले. तिनं फोन डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

“हे तर आपल्यासारखंच हाय,” ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, “विचारलं का?”

मला वाटलं होतं ते काहीतरी गोड सांगतील. पण त्यांना पदरचं घालता येत नव्हतं. त्यांनी चहावाला, त्याची मुलं, मियापूर, सगळं सांगितलं.

आईनं फोन मांडीवर ठेवला. “त्या पोरांच्या माईला कुणी बघत असंल का?” तिनं विचारलं. बाबा म्हणाले, म्हाताराच बघत असेल. मग ती म्हणाली, “म्हंजी त्यांच्याकडंबी आता नाईत. मंग कुठंच नाईत म्हणा की.”

“भगवान तर अडीच हजार वर्षांपूर्वीच गेले. राहतो तो धम्म,” बाबा म्हणाले. हे वाक्य ते रविवारी नेहमी म्हणायचे.

“हौ. ते म्हाईत हाय मला,” आई म्हणाली आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

उन्हाळा कसाबसा गेला. जून उजाडला तेव्हा तिच्या हातावर सुई लावायला जागा राहिली नव्हती. मानेत नळी घातली, ती पिकली, काढली, दुसरीकडे घातली. एका बुधवारी मी तिला न्यायला गेले तर ती पलंगावर तशीच बसलेली. चपला पुढं ठेवल्या, तरी तिनं पाय घातले नाहीत.

“आता नको,” ती म्हणाली.

मी म्हटलं, आजचा दिवस जाऊ, मग बोलू. तिनं मान हलवली. बाबांनी समजावलं, माझ्या नवऱ्यानं समजावलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले घेऊन या, नाहीतर किती दिवस ते सांगता येत नाही. तिनं आयुष्यभर वॉर्डात माणसं मरताना पाहिली होती. तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. संध्याकाळी तिनं पेलाभर पाणी मागितलं, आणि ते एका दमात प्यायली. पुन्हा मागितलं. मी दिलं. दीड वर्षात तिला मनसोक्त पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. पाय सुजले, श्वास लागायला लागला. बाबा ग्रंथ घेऊन तिच्याजवळ बसले, तेव्हा तिनं हातानं थांबवलं. “वाचू नका. नुसते बसा.” बाबांना नुसतं बसता येत नव्हतं. ते उठायचे, खिडकी लावायचे, उघडायचे, औषधांचे कागद घड्या घालून ठेवायचे. तिला अंथरुणातच होऊ लागलं तेव्हा ते बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मी चादर ओढायला लागले, तर तिनं डोळे मिटूनच मला शिकवलं. अशी नाई काढत. मला एका कुशीवर घे. मळकी चादर पाठीशी गुंडाळ, तिच्या कडेला कोरडी लाव. आता दुसऱ्या कुशीवर. आता वढ. मी ओढली. चादर सुरकुती न पडता बसली. “जमलं बग तुला,” ती म्हणाली. माझ्याशी ती नीट बोलली ते हे शेवटचं. त्यानंतर ती बोलत होती, पण वॉर्डातल्या कुणाकुणाशी.

ती गेली तेव्हा आषाढी पौर्णिमेला चार दिवस होते.

त्या वर्षी बाबा वाचायला बसले नाहीत, ते साहजिकच होतं. पुढच्या वर्षी मी म्हटलं, मी बसते ऐकायला. ते म्हणाले, तुला ऑफिस असतं. मी म्हटलं, मग तुम्ही ऐका, मी वाचते. त्यांनी हो म्हटलं. मी दोन संध्याकाळी वाचलं. माझं मराठी शाळेतलं, चुकत नाही मी. पण बाबा डोळे मिटून बसायचे आणि मला कळायचं की ते ऐकत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी उशिरा आले. चौथ्या दिवशी आम्ही दोघांनीही विषय काढला नाही.

गौलीगुड्याची खोली मालकानं परत मागितली, त्याला माल ठेवायला जागा हवी होती. कुणी भांडलं नाही. तोवर बहुतेक कुटुंबं शहराच्या टोकाला फ्लॅट घेऊन पांगली होती. त्यांच्या मुलांना मराठी बोललेलं कळतं, वाचायला दिलं तर अक्षरं जुळवत बसतात. आम्ही कधीकधी लग्नात भेटतो आणि पुन्हा एखादी जागा बघायला पाहिजे असं म्हणतो. माझ्या मुलीला मी एकदा त्या म्हाताऱ्याची आणि सोळा शिष्यांची गोष्ट सांगायला गेले. तिनं फोनमधून मान वर करून विचारलं, “ये सब कहाँ हुआ, मम्मी?” मी सांगितलं. ती हं म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. “का?” असं विचारावंसं तिला वाटलं नाही. मला वाटतं, इथं आपल्याकडे काही होत नसतं, हे ती आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर शिकली.

प्राध्यापक आता मुलाकडे बंगळुरूला राहतात. यंदा आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा बाबांना फोन आला. मी भाजी चिरत होते. स्पीकर चालू होता, कारण बाबांना आता कमी ऐकू येतं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग, वाचन सुरू झालं का?”

“झालं,” बाबा म्हणाले. “कालपासून.”

“वा. किती जण असता?”

“असतात दहा-बारा.”

प्राध्यापकांना बरं वाटलं. ते म्हणाले, तुम्ही आहात म्हणून चाललंय. बाबा हो हो म्हणाले. फोन बंद करून त्यांनी तो टेबलावर उलटा ठेवला आणि मला विचारलं, ताक आहे का. मी दिलं. ते पिऊन ते आपल्या खोलीत जाऊन पडले.